ताटी आणि समाधी

वारकरी सज्जनहो, या महिन्याच्या पाठासाठी एक अगदी साधी गोष्ट घेतली आहे. माणसाला लहानशी, चहूबाजूंनी झाकलेली जागा फार आवडते. घरात दोन पोरे असली की ती खाटेखाली शिरतात, पुढे आजीचे लुगडे सोडतात आणि म्हणतात, हे आमचे घर. शेतकरी राखणीला जातो तेव्हा वाऱ्यापावसात त्याला आपली खोप वाड्याहून सुखाची वाटते. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ओसरीपेक्षा देवघराजवळचा कोपरा बरा वाटतो. आणि वारीत मुक्कामाला पाऊस लागला, सगळे पालात दाटीने बसले, कोणी हळू आवाजात अभंग धरला, म्हणजे बाहेर चिखल असो की काही असो, जीव कसा निवतो, हे काय आपल्याला सांगावयास पाहिजे?

आता प्रश्न असा की, ही जी ओढ आहे ती परमार्थाला साधक की बाधक? कारण आपला पंथ समुदायाचा. दिंडीत चालायचे, एकमेकांच्या पाया पडायचे, काला सर्वांनी मिळून खायचा. मग कोपऱ्यात जाऊन बसण्याची ही आवड आपल्या मार्गात बसते का? कोणी म्हणेल, एकांताशिवाय चिंतन नाही. दुसरा म्हणेल, दार लावून बसला तो कसला वारकरी! दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून संतचरित्रातच याचा उलगडा शोधू.

माऊलींनी सांगितलेली जागा

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसण्याची जागा कशी असावी याचे वर्णन आहे. गीतेत भगवंतांनी एवढेच म्हटले की, शुद्ध जागी आसन घालावे. माऊलींनी त्या दोन शब्दांचे केवढे रमणीय स्थान उभे केले! तेथे एकदा बसले की उठावेसे वाटू नये. सहज वाटेने आलेला मनुष्यही परत जाण्याचे विसरावा. नास्तिकालासुद्धा येथे तप करावे असे वाटावे. गर्द झाडी, निर्मळ पाणी, सौम्य ऊन, मंद वारा आणि फारसा गलबला नाही. एवढे सगळे सांगून झाल्यावर माऊली म्हणतात की, अशा ठिकाणी एखादा गुप्त मठ किंवा शिवालय असावे आणि साधकाने तेथे एकटे बसावे.

इतकी मोकळी वनश्री वर्णिली, मग शेवटी लहानसा मठच का? कारण मन मोकळ्यावर पसरते. नजर जिकडे जाते तिकडे ते धावते. भिंत जवळ असली म्हणजे नजर भिंतीला लागून परत फिरते आणि हळूहळू आपल्याशी येऊन बसते. वासराला आधी दावे लावावे लागते, तसेच हे. तेव्हा लहान जागेची आवड ही काही खुळी गोष्ट नाही. माऊलींनीच तिला अभ्यासाचे साधन म्हणून मान्यता दिली आहे.

आपल्या परंपरेचा आरंभही एका गुहेतच आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि बाळ निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ होते. त्यांनी त्याला अनुग्रह दिला, असे परंपरा सांगते. जीव वाचवायला म्हणून जो आत शिरला, तो सर्व जगाचा जीव निववणारे ज्ञान घेऊन बाहेर आला. निवृत्तिनाथ त्या गुहेतच राहिले असते, तर ज्ञानोबांना गुरू कोठून मिळता? आत जाणे भाग्याचे. पण त्या भाग्याची फळे बाहेर येण्यानेच दिसतात.

ज्ञानोबा दोनदा आत गेले

माऊलींच्या चरित्रात दोन प्रसंग असे आहेत की, ते स्वतः एका लहान जागेत शिरून आतून बंद झाले. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

पहिला प्रसंग ताटीचा. संन्याशाची पोरे म्हणून या भावंडांना लोकांनी किती छळले हे आपण जाणतो. असे सांगतात की, एकदा लोकांचे कठोर बोल मनाला फार लागले आणि ज्ञानेश्वर खोपटात जाऊन ताटी लावून बसले. ताटी म्हणजे काड्याकामट्यांचे दार. त्याला ना कडी ना कुलूप. एका धक्क्याने पडेल असे ते दार. पण मुक्ताईने धक्का दिला नाही. ती धाकटी बहीण बाहेर उभी राहून आपल्या ज्ञानदादाला समजावू लागली. ते तिचे बोल म्हणजेच ताटीचे अभंग.

तिने काय सांगितले, ते आपल्या शब्दांत असे : दादा, संत कोणाला म्हणावे? जो जगाचे बोलणे सोसतो त्याला. लोक तापले तर आपण निवावे. सगळेच जर आपलेच रूप, तर रागवायचे कोणावर आणि दार लावायचे कोणासाठी? तुम्हीच रुसून बसलात तर लोकांना वाट कोण दाखवील?

पाहा, केवढे धारिष्ट! मुक्ताईने एकांताला दोष दिला नाही. योगी पुरुष एकांतात बसतो हे तिला ठाऊक होते. तीही योगिनीच होती. तिचे म्हणणे एवढेच की, हा एकांत नव्हे, हा रुसवा आहे. खोपटे तेच, भिंती त्याच, बसणारा तोच. पण आत जाण्याचे कारण चुकले, आणि कारण चुकले म्हणजे मठ राहत नाही, कोंडवाडा होतो. ज्ञानोबांनी ताटी उघडली. धाकट्या बहिणीचे ऐकून दार उघडण्याला ज्ञान लागते, आणि त्याहून जास्त नम्रता लागते.

दुसरा प्रसंग आळंदीचा. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, म्हणजे इसवी सन १२९६. सिद्धेश्वराजवळच्या त्या विवरात माऊली समाधीला बसले. वय अवघे एकवीस. नामदेवरायांनी समाधीच्या प्रकरणात त्या दिवसाचे वर्णन केले आहे. संतमंडळी रडत होती. मुक्ताई तेथे होती, सोपानकाका होते. परंतु या वेळी दार उघडा असे मुक्ताईने म्हटले नाही. उलट, ज्यांनी ज्ञान दिले त्या निवृत्तिनाथांनीच विवराच्या तोंडाशी शिळा लावली असे सांगतात.

का बरे? ताटी तर काड्यांची होती, ही शिळा. ते खोपटे होते, हे भुईतले विवर. बंदिस्तपणाच मोजायचा तर हा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. तरी पहिल्या वेळी बहीण अडवते आणि दुसऱ्या वेळी गुरू स्वतः शिळा लावतात. भेद जागेत नाही, जाणाऱ्याच्या मनात आहे. पहिल्या वेळी ज्ञानोबा जगावर रागावून आत गेले. दुसऱ्या वेळी आत जाण्यापूर्वी पसायदान मागून झाले होते. दुष्टांचेसुद्धा बरे व्हावे, सगळ्या प्राणिमात्रांत मैत्री व्हावी, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, असे विश्वासाठी मागणे मागून ते मोकळे झाले होते. कोणाचे देणे उरले नाही, कोणावर रोष उरला नाही, मग आत गेले. म्हणून ती समाधी.

आणि गंमत अशी की, ती शिळा लागूनही दार बंद झालेच नाही. एकनाथ महाराजांना दृष्टांत झाला की, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती येऊन काढावी. नाथ आळंदीस आले, समाधीत उतरले, अशी कथा आहे. पुढे शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यावर नाथांचा हा उपकार आहे. मुळी दूर केली म्हणजे काय केले, हे ज्याने त्याने आपल्या बुद्धीने समजावे.

भंडारा आणि देहू

तुकोबारायांचे पाहा. दुष्काळात धाकटे घर विस्कटले, व्यापार बसला, आणि महाराज भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. तेथील कपारी आजही यात्रेकरू पाहतात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ते वर बसत तेव्हा खालून भाकरी घेऊन जिजाई डोंगर चढत असे. तिच्या पायात काटा मोडला आणि तो पांडुरंगाने काढला ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एकाच्या एकांताचा भार घरात कोणीतरी उचलीत असते, हे त्या काट्यावरून ध्यानात घ्यावे. देवाने काटा काढला तो डोंगर चढणाऱ्या बाईच्या पायातला.

मग तुकोबांचा एकांत रुसवा होता का? त्याची परीक्षा ते खाली आल्यावर झाली. चरित्रकार सांगतात की, भाऊ कान्होबा शोधीत आला, त्याच्याबरोबर महाराज खाली आले, आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते काढली. कान्होबाच्या वाटणीची त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. देहूचे पडके देऊळ नीट केले आणि कीर्तनाला उभे राहिले. डोंगरावरच्या कपारीतून ते काय घेऊन आले? गरीब कुळांची सुटका घेऊन आले. म्हणून ती कपार पवित्र.

तेव्हा परीक्षा एवढीच ठेवावी : आत कशासाठी गेलो, आणि बाहेर येताना काय आणले. कोपऱ्यात अर्धा तास बसून उठल्यावर सुनेवर आवाज चढत असेल, तर तो अर्धा तास फुकट गेला. आणि बसून उठल्यावर शेजाऱ्याशी धरलेला अबोला सोडावासा वाटला, तर बसणे सार्थकी लागले असे समजावे.

घट, मठ आणि आकाश

वेदान्तात एक दृष्टांत देतात. घागरीत पोकळी असते ते घटाकाश, मठात असते ते मठाकाश, आणि सर्वत्र भरले आहे ते महदाकाश. घागर फुटली तर आतले आकाश कोठे जाते? कोठेच नाही. ते वेगळे कधी नव्हतेच. मातीच्या काठामुळे वेगळे वाटत होते. मठात बसणाऱ्याने हे ओळखावे की, भिंतीने आकाश कापले जात नाही. ज्याला हे कळले त्याला लहान खोली कोंदट होत नाही, आणि ज्याला कळले नाही त्याला माळरानही पुरत नाही.

हाच पाठ नामदेवरायांना मिळाला, आणि तोही कुंभाराच्या घरी! तेरला गोरोबाकाकांकडे संत जमले. मुक्ताईने विचारले, ही थापटणी कशाची? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते यावर ठोकून कळते. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. नामदेव तेवढे रुसले, आणि मडके कच्चे ठरले. नामदेवांची चूक काय होती? त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण पंढरीच्या त्या एका गाभाऱ्यात आणि त्या एका मूर्तीत देव आहे, एवढ्यावर ते थांबले होते. पुढे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना भेटले. पाय काढा म्हणताच विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय तूच ठेव. नामदेव जिकडे पाय नेत तिकडे पिंड दिसू लागली. त्या दिवशी नामदेवांचा गाभारा फुटला आणि महदाकाश झाला.

त्यानंतर काय झाले? ज्यांना पंढरी सोडवत नव्हती ते नामदेव थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आणि समाधी कोठे घेतली? गाभाऱ्यात नव्हे, महाद्वाराच्या पायरीशी. शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५०. आत जाणाऱ्या सगळ्यांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. ज्याला आतली जागा हक्काने मिळाली असती त्याने दारातली जागा मागून घेतली.

गाभाऱ्याचे दार

आपण पंढरीला दर्शनाला जातो तेव्हा वाट कशी जाते ते आठवा. महाद्वार, नामदेव पायरी, मंडप, मग सोळखांबी, मग चौखांबी, मग गाभारा. जसजसे आत जावे तसतशी जागा लहान होत जाते, उजेड कमी होत जातो, आणि शेवटी त्या लहानशा जागेत समचरणांवर डोके टेकते. क्षणभरच, मागचा माणूस पुढे ढकलतोच. पण त्या क्षणासाठी आपण पंधरा-वीस दिवस चालतो. लहान जागेचे प्रेम याहून मोठे काय दाखवावे?

पण याच दाराची दुसरी बाजूही वारकऱ्याने पाहिली पाहिजे. नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आत जाता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून ते गेले, शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी कथा आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण ती ऐकून झाल्यावरही शतकानुशतके ते दार त्यांच्या लोकांना बंदच राहिले. ते उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा दार उघडले. एका वारकरी महाराजांच्या मठाने त्या उपोषणाला जागा दिली, हे आपल्याला भूषण आहे. आणि एवढा उशीर लागला, हे दूषण आहे. दोन्ही सांगितली पाहिजेत.

मुक्ताईने जे एका खोपटाच्या दाराशी सांगितले तेच येथे लागू आहे. ज्या आतल्या जागेचे सुख दुसऱ्याला बाहेर ठेवल्यामुळे वाढते, ती जागा देवाची नव्हे. पालात बसलेले असता बाहेरून भिजलेला कोणी वारकरी आला तर आपण काय म्हणतो? या माऊली, सरका हो जरा, होईल जागा. आणि जागा होते. पालाची लांबीरुंदी तीच राहते, तरी जागा होते. ज्या दिवशी आपण म्हणू की आमच्या दिंडीचे पाल आहे, तुम्ही दुसरीकडे पाहा, त्या दिवशी पाल उरेल, वारी उरणार नाही.

एकच खोली असेल तर?

आता एक अडचण कित्येक जण सांगतात. महाराज, तुम्ही एकांताचे बोलता, पण आमच्याकडे एकच खोली. तीत सहा माणसे, चूल तेथेच, अभ्यास तेथेच. कोपरा कोठून आणायचा? ही अडचण खरी आहे. त्यांनी जनाबाईंकडे पाहावे. ती नामदेवांच्या घरची दासी. तिला स्वतःची खोली नव्हती, स्वतःचा वेळही नव्हता. तिची जागा म्हणजे जात्यापुढची दोन हात भुई. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते आजही दाखवतात. त्या दोन हातांत विठ्ठल दळायला येऊन बसत असे. जनाबाईने दळण थांबवून ध्यान केले नाही. दळण हीच तिची ताटी होती. हात कामात आणि मन आत.

तेही जमत नसेल तर सावता माळ्यांकडे पाहावे. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. देवच त्यांच्याकडे गेला, आणि पाठीमागे लागलेल्या नामदेवांपासून मला लपव म्हणाला. मळ्यात लपवायला जागा कोठे? सावतोबांनी आपली छाती उघडून देवाला आत घेतले, अशी कथा आहे. याहून लहान गाभारा कोणता? आणि याला भाडे नाही, मोजमाप नाही, कोणाची परवानगी नाही.

याची प्रचीती आपल्याला अगदी अलीकडे आली. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे नेहमीची पायी वारी झाली नाही. पादुका बसने पंढरीस गेल्या आणि आपण घरात राहिलो. पुष्कळांना ते घर तुरुंगासारखे झाले. पण कित्येक घरांतून रोज संध्याकाळी हरिपाठ झाला, चार माणसांत फुगडी झाली, आणि दारात आलेल्या उपाशी माणसाला भाकरी दिली गेली. घरे तीच होती. कोणाची ताटी झाली, कोणाची पंढरी झाली.

सांगायचे तात्पर्य असे. लहान जागेची आवड मनातून काढू नये, ती जपावी. रोज थोडा वेळ तरी कोपऱ्यात, जात्यापाशी किंवा निदान डोळे मिटून छातीच्या आत जाऊन बसावे. मात्र जाताना रुसवा बाहेर ठेवावा, आणि मुक्ताईसारखे कोणी दाराशी आले तर ते लहान आहे की मोठे हे न पाहता ताटी उघडावी. हरिपाठाच्या आरंभी माऊली आपल्याला देवाच्या दारात क्षणभर उभे राहायला सांगतात. दारात उभ्या असलेल्या माणसाला आतले दिसते आणि बाहेरचेही दिसते. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, त्या एका खांबाला लोक पैसाचा खांब म्हणतात. पैस म्हणजे विस्तार. जागा खांबाएवढी, आणि नाव विस्ताराचे. आपला कोपराही तसा व्हावा, एवढेच पांडुरंगाकडे मागणे.

रामकृष्ण हरि.